वॉरंटीअंतर्गत पिस्तूलदुरुस्ती (अमेरिका)

वॉरंटीअंतर्गत पिस्तूलदुरुस्ती म्हणजे बिघडलेले किंवा फुटलेले पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर मालकाने उत्पादक कंपनीकडे पाठवून, कंपनीने दिलेल्या हमीच्या आधारे ते दुरुस्त किंवा बदलून घेणे होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या व्यवहाराला विशेष महत्त्व आहे. १९७२ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा कायद्याने बंदुका आणि काडतुसे ग्राहक सुरक्षा आयोगाच्या कक्षेतून वगळली आहेत. सदोष पंखा किंवा पाळणा बाजारातून परत मागवण्यास कंपनीला भाग पाडणारी ही सरकारी यंत्रणा सदोष पिस्तुलाबाबत तसा आदेश काढू शकत नाही. त्यामुळे पिस्तुलाच्या मालकाचा भर मुख्यतः कंपनीच्या हमीपत्रावर आणि त्यापुढे दिवाणी न्यायालयावर असतो.

कायदेशीर पार्श्वभूमी

अमेरिकेतील वस्तूंच्या लेखी हमीचे नियमन १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा करतो. हमी दिलीच पाहिजे असे हा कायदा म्हणत नाही. मात्र दिल्यास ती स्पष्ट भाषेत असावी आणि १० डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या वस्तूवर ती ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’ हे नमूद करावे, असे बंधन घालतो. अमुकच कंपनीचे सुटे भाग वापरले तरच हमी टिकेल, अशी अट सामान्यतः घालता येत नाही. बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून हमी आपोआप संपत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे कंपनीला दाखवावे लागते.

लेखी हमी नसली तरी ग्राहक निराधार नसतो. बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या एकसमान वाणिज्य संहितेनुसार व्यापाऱ्याने विकलेली वस्तू तिच्या नेहमीच्या वापरास योग्य असेल, अशी हमी विक्रीतच गृहीत धरलेली असते. रुगर ही कंपनी आपल्या बंदुकांसोबत लेखी हमीपत्र देत नाही आणि त्याचे कारण म्हणून १९७५ च्या याच कायद्याकडे बोट दाखवते. तरीही तिची दुरुस्तीसेवा चांगली समजली जाते. कागदावरील शब्द आणि प्रत्यक्ष सेवा यांची सांगड नेहमीच बसते असे नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

इतर कंपन्यांची धोरणे परस्परांपासून बरीच भिन्न आहेत. स्मिथ अँड वेसन १ फेब्रुवारी १९८९ पासून विकलेल्या पिस्तुल-रिव्हॉल्व्हरांच्या मूळ खरेदीदारास आजीवन सेवा देऊ करते. ग्लॉकची अमेरिकेतील लेखी हमी एका वर्षाची आहे. स्वस्त पिस्तुले बनवणारी हाय-पॉइंट मात्र मालक कितवा आहे हे न पाहता आजीवन दुरुस्ती करून देते. किंमत जास्त म्हणजे हमीही मोठी, हा समज येथे खरा ठरत नाही.

पाठवणी आणि परतावा

१९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार सामान्य नागरिकाला दुसऱ्या राज्यातील परवाना नसलेल्या व्यक्तीकडे बंदूक पाठवता येत नाही. याच कायद्यात दुरुस्तीसाठी अपवाद आहे. मालक आपली बंदूक केवळ दुरुस्तीसाठी परवानाधारक उत्पादकाकडे किंवा विक्रेत्याकडे थेट पाठवू शकतो आणि तो ती, किंवा तिच्याऐवजी त्याच प्रकारची दुसरी बंदूक, थेट मालकास परत करू शकतो. या परताव्यासाठी खरेदीच्या वेळचा ४४७३ क्रमांकाचा अर्ज पुन्हा भरावा लागत नाही. हा अपवाद नसता तर प्रत्येक दुरुस्ती म्हणजे एक नवी विक्रीच ठरली असती. (भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो.)

पाठवण्याच्या साधनांवर मात्र निर्बंध आहेत. १९२७ च्या संघीय कायद्याने लपवून बाळगता येण्याजोग्या बंदुका सरकारी टपालातून पाठवण्यास खाजगी व्यक्तींना मनाई केली. मोठ्या खाजगी पार्सल कंपन्यांनीही आपले नियम कडक केले असून, व्यक्तीने स्वतः नेलेले पिस्तुलाचे पार्सल त्या सहसा स्वीकारत नाहीत. म्हणून उत्पादक कंपनी मालकाला दुरुस्तीचा क्रमांक आणि आगाऊ पैसे भरलेली पाठवणीची चिठ्ठी देते. पार्सलवर बाहेरून ‘बंदूक’ असे लिहिण्यास वाहतूक कंपनीने भाग पाडू नये, अशी तरतूद कायद्यात आहे. चोरीचा धोका लक्षात घेता ती शहाणपणाची म्हणावी लागेल.

पिस्तूल पूर्ण रिकामे करून, चेंबर डोळ्यांनी तपासून आणि शक्य असल्यास बोटाने चाचपून मगच ते बांधले जाते. काडतुसे त्याच पार्सलमध्ये ठेवत नाहीत. महागड्या दुर्बिणी, दिवे व बाहेरून बसवलेले भाग काढून ठेवावेत, असे कंपन्या सांगतात. मात्र बिघाडाच्या वेळी बसवलेला भाग लपवण्यासाठी काढल्यास पुढे वाद उद्भवतो. सोबतच्या पत्रात बिघाड कसा, कितव्या गोळीला आणि कोणत्या काडतुसाने झाला हे लिहिलेले असल्यास कारागिराचे काम सोपे होते. ‘चालत नाही’ एवढेच लिहिलेले पिस्तूल चाचणीत नीट चालले तर ते तसेच परत येण्याचा संभव असतो.

नुकसानीचे कारण

झिजलेली स्प्रिंग किंवा तुटलेला एक्स्ट्रॅक्टर यांवरून क्वचितच वाद होतो. खरा वाद फुटलेल्या पिस्तुलावरून होतो, कारण दोष धातूचा की काडतुसाचा यावर सर्व काही अवलंबून असते. बहुतेक हमीपत्रांत घरी पुन्हा भरलेल्या काडतुसांमुळे झालेले नुकसान वगळलेले असते.

काडतुसांच्या दाबाची मानके अमेरिकेत १९२६ साली स्थापन झालेली ‘सामी’ ही उद्योगसंस्था ठरवते. ९ मिमी ल्यूगर काडतुसासाठी कमाल सरासरी दाब दर चौरस इंचास ३५,००० पौंड, तर त्याच्या ‘प्लस पी’ प्रकारासाठी ३८,५०० पौंड आहे. पिस्तुलाची दारू जलद जळणारी असते आणि पुंगळीचा थोडाच भाग व्यापते. त्यामुळे चुकून दोनदा दारू भरली गेली तरी ती पुंगळीत मावते आणि सहज लक्षात येत नाही. अशा काडतुसाने दाब मर्यादेपलीकडे जाऊन पुंगळीचा मागचा भाग फाटतो, तप्त वायू मॅगझीनच्या पोकळीतून खाली घुसतो, मॅगझीन बाहेर फेकले जाते आणि फ्रेमला तडा जातो.

याउलट दारू न भरलेल्या किंवा फार कमी भरलेल्या काडतुसाची गोळी नळीतच अडकते. आवाज दबका येतो, धक्का जाणवत नाही. नेमबाजाने तेथेच थांबून नळी तपासली तर पिस्तूल वाचते. पुन्हा चाप ओढला तर दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळीला कडे घातल्यासारखा फुगवटा येतो. हा फुगवटा अनुभवी कारागीर लगेच ओळखतो आणि धातूतील दोष म्हणून तो सहसा मानला जात नाही. म्हणून फाटलेली पुंगळी, उरलेली काडतुसे आणि त्यांच्या खोक्यावरील उत्पादन-गटाचा क्रमांक जपून ठेवणे मालकाच्या हिताचे असते. काडतुसे कारखान्यात बनलेली असतील तर दावा पिस्तुलाच्या नव्हे, काडतुसाच्या उत्पादकाकडे जाऊ शकतो.

फ्रेम बदलणे

अमेरिकी कायद्यानुसार पिस्तुलाची फ्रेम हीच ‘बंदूक’ मानली जाते. अनुक्रमांक तिच्यावर असतो. नळी, स्लाइड किंवा चाप बदलणे ही साधी दुरुस्ती होय. फ्रेम फुटल्यास मात्र कंपनी दुसऱ्या अनुक्रमांकाचे पिस्तूल देते. संघीय कायद्याने ते थेट मालकाकडे पाठवता येते; तथापि काही राज्यांच्या नियमांमुळे किंवा कंपनीच्या धोरणामुळे ते स्थानिक विक्रेत्यामार्फत, नव्या नोंदीसह घ्यावे लागते. जुने पिस्तूल बहुधा परत मिळत नाही. वारसाहक्काने आलेल्या पिस्तुलाच्या बाबतीत हे आधी विचारून घेणे आवश्यक ठरते. इजा झालेल्या मालकाला तर अधिकच सावध राहावे लागते, कारण कारखान्यात गेलेले पिस्तूल म्हणजे हातातून गेलेला पुरावा ठरू शकतो.

कंपन्यांच्या मोफत सुधारणा

सरकारी आदेश नसतानाही कंपन्यांनी अनेकदा मोठ्या प्रमाणावर मोफत दुरुस्ती केली आहे. रुगरच्या १९७३ पूर्वीच्या सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालील कोठीत काडतूस असताना घोड्यावर आघात झाल्यास गोळी सुटण्याचा धोका होता. कंपनी त्यात सुरक्षापट्टी विनामूल्य बसवून देते आणि काढलेले मूळ भागही परत करते. जुन्या वस्तूंच्या संग्राहकांना या भागांचे मोल अधिक वाटते.

ऑगस्ट २०१७ मध्ये सिग सॉअर कंपनीने पी३२० पिस्तुलासाठी मोफत सुधारणा जाहीर केली. विशिष्ट कोनात पडल्यास हे पिस्तूल झडू शकते, असे चाचण्यांत दिसले होते. कंपनीने या उपक्रमाला ‘ऐच्छिक सुधारणा’ म्हटले. ‘परत मागवणे’ हा शब्द टाळला. सहभाग मालकाच्या इच्छेवर अवलंबून असल्याने जी पिस्तुले कारखान्यात पाठवली गेली नाहीत, ती जुन्याच भागांसह वापरात राहिली.

टॉरस या ब्राझीलच्या कंपनीविरुद्धचा खटला फ्लोरिडातील संघीय न्यायालयात चालला. नऊ प्रकारच्या पिस्तुलांच्या सुरक्षेविषयीच्या या सामूहिक दाव्यात २०१६ मध्ये तडजोड मंजूर झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही. २००५ च्या संघीय कायद्याने बंदूक उत्पादकांना अनेक दाव्यांपासून संरक्षण दिले असले, तरी खरेदीशी निगडित करार किंवा हमी यांच्या भंगाबद्दलचे दावे त्यातून वगळलेले आहेत.