बुडाखालची सहा अक्षरं

आहेरात आलेल्या पातेल्यावर नाव घातलेलं असतं: कोणी दिलं, कोणाला, कोणत्या तारखेला. पातेलं चेपलं, त्याला डाग दिला, तरी तारीख खरीच राहते. जुन्या चिनी भांड्याच्या बुडावरची निळी सहा अक्षरंही आपण त्याच सवयीने वाचायला जातो, आणि फसतो.

अक्षरं उजवीकडून, वरून खाली वाचायची. ‘दा मिंग श्वेनदे न्येन जी’ म्हणजे ‘थोर मिंग घराण्याच्या श्वेनदे राजवटीत घडवलेलं’. कुंभाराचं नाव नाही, कारखान्याचं नाही; सगळा मान सम्राटाचा.

परंपरा अशी सांगते, की सोंग सम्राट जेनत्सोंग याने १००४ साली च्यांगशी प्रांतातल्या एका कुंभारगावाकडे दरबारासाठी भांडी मागवली आणि बुडावर आपल्या ‘जिंगदे’ या राजवटीचं नाव लिहायला लावलं. त्यावरून गावच जिंगदेजेन झालं. म्हणजे भांड्यांनी गावाचं बारसं केलं! ही प्रथा खरी रुजली ती मात्र पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, योंगले आणि श्वेनदे (१४२६–३५) यांच्या काळात. कच्च्या भांड्यावर कोबाल्टच्या रंगाने कुंचल्याने लिहायचं, वर झिलई द्यायची आणि सुमारे १३०० अंशांच्या आचेत भाजायचं. अक्षर झिलईखाली कायमचं बंद.

श्वेनदेच्या खुणेत एक गंमत आहे. ‘दे’ या अक्षरात खाली ‘हृदय’ अर्थाचा भाग असतो आणि त्यावर एक आडवी रेघ असते; त्या काळच्या लेखनात ती गाळलेली असते. पुढच्या अनेक नकलाकारांनी शुद्धलेखन सुधारून रेघ घातली आणि तिथेच सापडले.

पण प्रत्येक जुनं नाव लबाडीने घातलेलं नसतं. छंगह्वा (१४६५–८७) याच्या काळातली भांडी इतकी नावाजली, की दोनशे वर्षांनंतर कांगशीच्या राजवटीतले कुंभारही बिनदिक्कत छंगह्वाचं नाव लिहीत. त्यात पूर्वजांना नमस्कार होता, तसा बाजारभावही होता. शिवाय १६७७ साली जिंगदेजेनच्या अधिकाऱ्याने भांड्यावर सम्राटाचं नाव लिहायलाच मनाई केली. भांडं फुटलं तर नाव पायदळी येईल, ही भीती. मग कुंभारांनी कुठे पान काढलं, कुठे कमळ, आणि कुठे नुसती दोन निळी वर्तुळं काढून आतली जागा कोरी ठेवली. मला तर हे कोरं वर्तुळ सहा अक्षरांपेक्षा बोलकं वाटतं. उलट खुद्द कांगशीचं चार अक्षरी नाव असलेली जी बरणी बाजारात दिसते, ती बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची निघते.

म्हणून जाणकार खूण शेवटी वाचतात. आधी बुडाच्या कड्यावर बोट फिरवून उघडी माती पाहायची, मग झिलईचा रंग, कुंचल्याची धार, हातातलं वजन. शाहजहानने मात्र आपल्या संग्रहातल्या चिनी थाळ्यांवर स्वतःचं नाव कोरून घेतलं, काहींवर हिजरी सनासह. हे अगदी आपल्या नाव घालण्यासारखं! थाळी कधी घडली ते त्यावरून कळत नाही, पण त्या साली ती कोणाच्या घरात होती ते कळतं.

खात्रीची तारीख दिली ती सम्राटांनी नाही, जकातवाल्यांनी. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं. तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या चिनी मालावर ‘चायना’ आणि जपानी मालावर ‘निप्पॉन’ हे शब्द उमटू लागले. शब्द नाही म्हणून भांडं जुनं, असं मात्र समजू नका. कागदी चिठ्ठी चिकटवलेली असेल तर ती पहिल्याच धुण्यात गेली असेल. १९२१ साली अमेरिकी जकात खात्याने ठरवलं, की ‘निप्पॉन’ हा जपानी शब्द आहे, तो चालणार नाही. तेव्हापासून जपानी बशांच्या बुडाखाली ‘जपान’ आलं.