एकादशीच्या ताटांतील बोलिव्हिया

आषाढी एकादशीच्या दिवशीं भुसावळजवळच्या दीपनगरांत, किंबहुना साऱ्या खानदेशांत, ज्वारीची भाकरी, उडदाची दाळ आणि भरिताचीं वांगीं स्वयंपाकघरांतून रजा घेतात. त्यांच्या जागीं साबुदाण्याची खिचडी, उकडलेले बटाटे, शेंगदाण्याची आमटी आणि हिरवी मिरची येते. हा फराळ सनातन समजला जातो. वस्तुतः भगर, तूप, जिरें व मीठ वगळलें, तर वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतला उतरला तेव्हां या ताटांतला एकही जिन्नस भारतांत नव्हता. त्यांचें माहेर शोधूं गेल्यास बोट पुनःपुन्हा दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया या देशावर व त्याच्या शेजारावर पडतें.

हा देश समुद्राला मुकलेला आहे. १८७९ मध्यें सुरू झालेल्या युद्धांत त्याचा किनारा चिलीनें घेतला. पश्चिमेस अँडीज पर्वताच्या रांगांमध्यें ३,६०० ते ४,००० मीटर उंचीचें उजाड पठार. त्यावर पेरूशीं वांटून घेतलेलें टिटिकाका सरोवर आणि दहा हजार चौरस किलोमीटरांचें उयुनीचें मिठाचें मैदान. पूर्वेकडे उतरावें तसतशी हवा उबदार होते, रानें दाट होतात, आणि शेवटीं पावसाळ्यांत पाण्याखालीं जाणारीं मोहोसचीं माळरानें लागतात. उंची बदलली कीं पीक बदलतें.

मोहोसच्या पुरांतून डोकें वर काढणारीं झाडांचीं बेटें आहेत. तेथील मातीचें संशोधन २०२० मध्यें प्रसिद्ध झालें, आणि दहा हजार वर्षांपूर्वीं तेथें माणसें कसाव्याची लागवड करीत असें दिसून आलें. आपल्या बाजारांतला, तमिळनाडूंतील सेलमकडे तयार होणारा साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वाचा. भुईमूग दक्षिण बोलिव्हियाच्या डोंगरपायथ्याकडचा, दोन रानटी जातींच्या संकरांतून झालेला. मिरची माणसाळली मेक्सिकोकडे. पण तिच्या साऱ्या कुळाचें मूळ अँडीजच्या परिसरांतच. बटाटा टिटिकाकाच्या आसमंतांतला. तेथील आयमारा व केचुआ शेतकरी हिवाळ्याच्या रात्रीं बटाटे उघड्यावर गोठवितात, दिवसा पायांनीं तुडवून त्यांतलें पाणी काढतात आणि उन्हांत वाळवितात. हा ‘चुन्यो’ वर्षानुवर्षें टिकतो. बिबड्यांचें वाळवण घालणाऱ्या खानदेशी सुगरणीला ही युक्ति फारशी समजावून सांगावी लागणार नाहीं. कच्चे शेंगदाणे वाटून केलेलें ‘सोपा दे मानी’ हें सार तर आपल्या आमटीची सख्खी बहीण. टोमॅटो आणि ‘लोकोतो’ नांवाची काळ्या बियांची मिरची यांची ‘ल्याहुआ’ चटणी सपाट दगडावर चंद्रकोरीच्या आकाराचा दगड डुलवून वाटतात. पाटा तोच, वरवंट्याची चाल मात्र निराळी.

मिरची पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावर उतरली. बटाट्याचें तर नांवही पोर्तुगीज. उपवासाला धान्यें वर्ज्य ठरविणाऱ्या जुन्या ग्रंथकारांना हे कंद व दाणे ठाऊकच नव्हते. मग त्यांचा निषेध करणार कोण? परक्या पाहुण्यांना सोंवळ्यांत प्रवेश मिळाला तो असा. त्यांचाच सोबती टोमॅटो मात्र पुष्कळ घरांतून अद्याप उपवासाच्या उंबऱ्याबाहेर उभा आहे. हा न्याय कोणत्या शास्त्राचा, तें सुगरणींनींच सांगावें.

त्या भूमींतून आणखी एक वस्तु खानदेशच्या वाटेनें गेली, आणि तिची कथा गोड नाहीं. पोटोसीच्या डोंगरांत १५४५ मध्यें रुपें सांपडलें. पुढें स्पॅनिश राजप्रतिनिधि टोलेडो यानें ‘मिता’ नांवाची वेठ लादली : नेमून दिलेल्या प्रांतांतील सातांतला एक पुरुष पाळीपाळीनें खाणीच्या कामावर जावयाचा. पाऱ्यानें रुपें वेगळें करण्याच्या कामांतही देह झिजत. तें रुपें युरोपच्या व्यापाऱ्यांबरोबर सुरतेस येई, तेथील मोगल टांकसाळींत वितळून त्याचे रुपये पडत, आणि ते नंदुरबारवरून जाणाऱ्या वाटेनें खानदेश सुभ्याच्या राजधानींत, बुऱ्हाणपूरच्या कापडपेठेंत, खेळूं लागत. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्यें सुरतेहून बुऱ्हाणपुरास गेला, तेव्हां ही वाट चांगली वाहती होती. ज्या विणकराच्या हातावर तो रुपया पडला, त्याच्या कानीं पोटोसीचें नांवही गेलें नसेल.

देवघेव मात्र एकतर्फी राहिली नाहीं. आग्नेय आशियांतलें केळें १५१६ मध्यें कॅनरी बेटांतून अमेरिकेंत पोहोंचलें. रावेर-यावलच्या शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा तो घड आज बोलिव्हियाच्या चापारे टापूंत पिकतो आणि तेथून अर्जेंटिनाच्या बाजारांत जातो.