पुढे कोण, मागे कोण?

संगणकावर चलत्-चित्रे रचणाऱ्यांना एक दोष चांगलाच परिचयाचा आहे. शीर्षकाची अक्षरे एका थरावर, त्यांच्या पाठची रंगीत पट्टी दुसऱ्या थरावर, आणि दोहोंत केसभर अंतर. जवळून सारे ठीक दिसते. कॅमेरा दूर जाऊ लागला की अक्षरांच्या अंगावर पट्टीच्या रंगाचे चट्टे उमटतात. कॅमेरा थांबला की चट्टे थांबतात, तो हलला की तेही सरकतात. तंत्रज्ञ याला ‘झेड-फायटिंग’ म्हणतात. झेड म्हणजे खोलीचा अक्ष. नाव बोलके आहे, पण किंचित फसवेही आहे. थर भांडत नसतात. त्यांच्यात पुढे कोण हे ठरवण्याची जी पद्धत १९७४ च्या सुमारास मांडली गेली, ती आपल्या मर्यादेला पोचलेली असते. त्या आधी हा प्रश्न कसा सुटत होता, हे पाहिल्याखेरीज दोषाचे स्वरूप नीट उमगत नाही.

लोटे रायनिगर यांनी ‘प्रिन्स आखमेद’ची साहसे सांगणारा छायाचित्रपट १९२६ साली पूर्ण केला, तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्याखाली काचांच्या थरांवर कागदी आकृती मांडलेल्या असत आणि प्रकाश खालून येई. पुढे १९३७ साली डिस्नेच्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात बहुस्तरीय कॅमेऱ्याने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली. येथे पुढे कोण हा प्रश्नच उद्भवत नाही. वरची काच वर असते. ती चुकून खाली जाऊ शकत नाही. दोष येत ते निराळ्या जातीचे. पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांवर चित्रे रंगवून ती एकावर एक ठेवली, तर दर पत्र्यागणिक खालचा रंग थोडा मंदावे. पत्रे नीट दाबून बसले नाहीत तर वरच्या चित्राची सावली खालच्यावर पडे. अंतर फार झाले म्हणून घोटाळा होई, कमी झाले म्हणून नव्हे.

संगणकाकडे काच नाही. त्याच्याजवळ फक्त सहनिर्देशक, म्हणजे आकडे. १९७२ साली केंब्रिजच्या संगणक-साहाय्यित आरेखन केंद्रातील न्यूवेल, न्यूवेल आणि सांचा यांनी सुचवलेला मार्ग चित्रकाराचा होता: दूरच्या आकृती आधी रंगवायच्या, जवळच्या नंतर, नवा रंग जुन्याला झाकील. आकृती एकमेकींत गुंतल्या तर त्यांचे तुकडे करून पुन्हा क्रम लावायचा. यानंतर दोनच वर्षांनी युटा विद्यापीठातील एड कॅटमल यांच्या प्रबंधात आणि बर्लिनच्या वोल्फगांग श्ट्रासर यांच्या प्रबंधात, स्वतंत्रपणे, एक ओबडधोबड म्हणावी अशी कल्पना आली. क्रम लावूच नये. पडद्यावरील प्रत्येक बिंदूपाशी, आतापर्यंत दिसलेल्या सर्वांत जवळच्या वस्तूचे अंतर लिहून ठेवावे. नवी वस्तू त्याहून जवळ असेल तर रंगवावी, नसेल तर सोडून द्यावी. हाच झेड-बफर. ५१२ गुणिले ५१२ बिंदूंच्या पडद्यासाठी प्रत्येकी १६ बिट धरले, तर केवळ ही नोंदवही अर्धा मेगाबाइट होते, आणि त्या काळी स्मृती फार महाग होती. स्मृती स्वस्त झाल्यावर मात्र याच ओबडधोबड पद्धतीने बाकीच्या बऱ्याच चतुर पद्धतींना मागे टाकले.

नोंदवहीतील रकाना मर्यादित असतो. शिवाय यथार्थदर्शनामुळे त्यातील आकडे समान अंतरावर पडत नाहीत. ते कॅमेऱ्याजवळ दाट आणि दूर विरळ असतात. १६ बिटांच्या नोंदवहीत सर्वांत जवळची सीमा १ एकक आणि सर्वांत दूरची १०,००० एकक ठेवली, तर १० एककांवर दोन पृष्ठभागांतील सुमारे ०.००१५ एककाचा फरक ओळखता येतो. १,००० एककांवर तोच सुमारे १५ एककांचा लागतो. त्याहून जवळ असलेले थर नोंदवहीला एकच वाटतात, आणि पूर्णांकन कोणाच्या बाजूने झुकेल यावर तो बिंदू कोणाचा हे ठरते. जवळची सीमा १ वरून १० वर नेली की हा १५ चा आकडा दीडवर येतो. अनुभवी मंडळी म्हणून आधी तिकडे पाहतात, थर सरकवण्याचे काम नंतर करतात. दूरची सीमा आत ओढून मिळणारा लाभ त्यामानाने नगण्य असतो; नवशिके मात्र बहुधा तिथेच हात घालतात.

दोष तांत्रिक आहे खरा, पण माझ्या मते त्याच्या मुळाशी एक गैरसमजही आहे. कागदावरची शाई कागदाच्या ‘पुढे’ असते ती अंतरामुळे नव्हे. ती त्यावर लिहिलेली असते. हे नाते आहे, माप नाही. आणि झेड-बफरला नाती कळत नाहीत. चित्रकाराच्या पद्धतीत हे नाते क्रमाच्या रूपाने टिकून होते, मापनाच्या पद्धतीत ते हरवले. आफ्टर इफेक्ट्स या प्रणालीत १९९३ सालापासून थरांची यादी हाच क्रम होता: यादीत वर तो चित्रात वर. २००१ च्या पाचव्या आवृत्तीत त्रिमितीय थर आले, आणि त्या थरांपुरते यादीतील स्थानाऐवजी कॅमेऱ्यापासूनचे अंतर पुढे-मागे ठरवू लागले. यादीत अक्षरे वर आहेत, मग ती झाकली का जातात, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न या दोन व्यवस्थांच्या सांध्यावर उभा असतो.

उपायही त्यामुळे दोन जातींचे. एक, मापन सुधारणे: सीमा आवळणे, नोंदवहीत अधिक बिट घेणे (२४ बिटांवर वरच्या उदाहरणातील १५ एकके ०.०६ होतात), किंवा अक्षरांचा थर थोडा पुढे आणणे. दुसरी जात म्हणजे मापनाला बगल देऊन क्रम परत आणणे: अक्षरे आणि पट्टी एका उपरचनेत घालून सपाट करावी, आणि मग त्या एकाच थराला खोलीत ठेवावे. जिथे अक्षरे खरोखर पट्टीवर लिहिलेली आहेत तिथे मला हाच मार्ग योग्य वाटतो. थर पुढे ओढण्याची किंमत नंतर मोजावी लागते: कॅमेरा कडेला गेला, की पट्टीवर छापल्यासारखी भासणारी अक्षरे तिच्यापासून सुटून हवेत तरंगताना दिसतात.