बसचे पैसे कोणी भरायचे?

गाडीवाल्यांनी बसचे पैसे का भरायचे? आपल्याकडे हा वाद कट्ट्यावर होतो. सिएटलकरांनी तो थेट मतपेटीत टाकला, तोही पुन्हा पुन्हा!

वॉशिंग्टन राज्यात पूर्वी गाडीच्या किमतीवर दरवर्षी २.२ टक्के कर होता. त्यातला मोठा वाटा बससेवेला जायचा. १९९९ मध्ये टिम आयमन यांनी सार्वमत आणलं: सरसकट ३० डॉलर, बास! लोकांनी ते उचलून धरलं. २००० साली ते कोर्टात टिकलं नाही, पण गंमत बघा, जनतेचा कल ओळखून विधिमंडळानेच तो कर काढून टाकला. बसचं उत्पन्न आटलं.

एप्रिल २०१४ मध्ये किंग काउंटीने विचारलं: गाडीमागे ६० डॉलर आणि ०.१ टक्का विक्रीकर द्याल का, नाहीतर बसफेऱ्या कमी होतील. उत्तर आलं, नाही. नोव्हेंबरमध्ये हाच प्रश्न फक्त सिएटल शहराला विचारला, तर हो! ज्यांच्या दारात बस येते ते पैसे द्यायला तयार होतात, इतकं साधं आहे ते.

२०१९ मध्ये आयमन यांचे ३० डॉलर परत आले आणि जिंकले. २०२० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तेही रद्द केलं. पण निकाल लागण्याआधीच शहराने गाडीची फी सोडून ०.१५ टक्के विक्रीकराचा प्रस्ताव मांडला होता. तो मंजूर झाला.

म्हणजे बस वाचली, पण बिल सरकलं. आता गाडी नसलेला माणूसही साबण घेताना बसचे पैसे भरतो, आणि वर तिकीटही काढतो. तुम्हाला हे पटतं का?