शर्यतीचे नियम आणि शर्यतीची रंगत

‘आमच्या वेळच्या शर्यती काय होत्या, आता काय राहिलंय!’ असे म्हणणारे एखादे तरी वडीलधारे माणूस प्रत्येक गावात भेटते. गोष्ट शंकरपटाची निघो की यात्रेतल्या कुस्त्यांची. पूर्वीचे ते खरे आणि हल्लीचे सारे नियमांनी बांधून टाकलेले, असा त्यांचा सूर असतो. हाच सूर जगात आणखी एका शर्यतीविषयी मोठ्याने ऐकू येतो. ती म्हणजे मोटारींची सर्वांत वरच्या दर्जाची शर्यत, ‘फॉर्म्युला वन’. चार-पाच वर्षे झाली की तिचे नियम बदलतात, आणि दर वेळी तक्रार होते की नियमांनी शर्यतीची रंगत घालवली. या तक्रारीत तथ्य किती, हे आज आपण इतिहासाच्या आधाराने पाहू.

प्रथम नावाचाच अर्थ पाहा. ‘फॉर्म्युला’ म्हणजे सूत्र, नियमांचा संच. इंजिन केवढे असावे, गाडीचे वजन किती असावे, हे ज्या नियमावलीत ठरवले ती फॉर्म्युला. आणि त्यातली पहिल्या प्रतीची ती ‘वन’. म्हणजे नियम हे या खेळाला बाहेरून लावलेले ठिगळ नव्हे. खेळाचे नावच मुळी नियम आहे!

नियम आणि वेग यांचे भांडणही शर्यतीइतकेच जुने आहे. १८९५ साली फ्रान्समध्ये पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची मोटारशर्यत झाली. अंतर जवळजवळ बाराशे किलोमीटर. एमिल लव्हासोर नावाचा गृहस्थ सुमारे ४८ तास गाडी हाकत सर्वांच्या आधी परतला. त्याच्यामागून पहिल्या बक्षिसाचा मानकरी पोहोचला तो तब्बल अकरा तासांनी. तुम्ही म्हणाल, मागून आलेला मानकरी कसा? तर पहिले बक्षीस चार माणसे बसतील अशा गाडीला होते आणि लव्हासोरची गाडी दोघांचीच होती. लोकांनी जयजयकार लव्हासोरचा केला. बक्षीस मात्र नियमाप्रमाणे दुसऱ्याला गेले. नियम आणि रंगत यांची फारकत होते म्हणतात, ती अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

पण या गोष्टीला दुसरी, दुःखाची बाजू आहे. १९०३ साली पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत निघाली. रस्ता गावागावांतून जाणारा, दोन्ही बाजूंना माणसांची दाटी, धुळीने पुढचे काही दिसेना. पहिल्याच दिवशी स्पर्धक आणि प्रेक्षक मिळून कित्येक माणसे दगावली. रेनो मोटारी बनवणाऱ्या भावांपैकी मार्सेल रेनो हा त्यातच गेला. सरकारने बोर्दोलाच शर्यत थांबवली. तिथून पुढे अशा शर्यती बंदिस्त मार्गावर होऊ लागल्या. तेव्हा खुल्या रस्त्याची मजा गेली हे खरेच. पण ती मजा कोणाच्या जिवावर चालली होती, हे विसरून कसे चालेल?

फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथून सुरू झाली. दहा वर्षे लोटली आणि १९६१ साली मोठा बदल झाला. गाड्या फार वेगवान झाल्या म्हणून इंजिनाचे माप अडीच लिटरवरून दीड लिटरवर आणले. इंग्लंडच्या मोटार बांधणाऱ्यांनी गहजब केला. ही शर्यत की पोरखेळ, असा त्यांचा सवाल होता. रागारागात त्यांनी नवी इंजिनेही वेळेवर तयार केली नाहीत. इटलीची फेरारी मात्र तयारीत होती, आणि त्या वर्षी तिचीच सरशी झाली. पण गंमत अशी, की त्याच वर्षी मोनॅको येथे स्टर्लिंग मॉस याने कमी ताकदीच्या जुन्या लोटस गाडीतून शंभर फेऱ्यांच्या शर्यतीत फेरारीच्या तिन्ही गाड्यांना मागे टाकले आणि अवघ्या ३.६ सेकंदांनी शर्यत जिंकली. ती शर्यत जाणकार आजही नावाजतात. म्हणजे इंजिन लहान झाले म्हणून रंगत गेली नाही. आणि त्याच वर्षी मोंझा येथे फेरारीचा चालक फॉन ट्रिप्स आणि त्याच्याबरोबर डझनाहून अधिक प्रेक्षक मरण पावले. इंजिन लहान केल्याने धोकाही टळला नव्हता.

धोक्याविरुद्ध खरे बंड केले ते एका चालकानेच. स्कॉटलंडचा जॅकी स्ट्युअर्ट १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे पावसात घसरून अडकून पडला. अंगावर पेट्रोल सांडलेले, सुकाणूचे चाक निघेना, आणि मदतीला माणूस नाही. शेवटी दोघा सहस्पर्धकांनी एका प्रेक्षकाचा पाना मागून घेतला आणि त्याला सोडवले. त्यानंतर स्ट्युअर्टने कडेला कठडे, जवळ डॉक्टर, आग विझवण्याची सोय, यांसाठी सारखा आग्रह धरला. तेव्हा काहींनी त्यालाच दोष दिला, की हा भित्रा माणूस खेळातला मर्दपणा घालवतोय. हा ‘भित्रा’ माणूस १९६९, १९७१ आणि १९७३ असा तीनदा जगज्जेता झाला, हे त्यांना दिलेले उत्तरच म्हणायचे. १९७३ मध्ये त्याचा जोडीदार फ्रांस्वा सेव्हर अमेरिकेत सरावाच्या वेळी ठार झाला, आणि स्ट्युअर्ट आपली ठरलेली शेवटची शर्यत न धावताच घरी परतला.

१९९४ सालीही असेच झाले. इटलीतील इमोला येथे एकाच शनिवार-रविवारी रोलंड राट्झेनबर्गर आणि ब्राझीलचा आयर्टन सेना हे दोघे गेले. नियम पुन्हा कडक झाले. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची धातूची कमान सक्तीची झाली. गाडी कुरूप दिसते, म्हणून लोकांनी नाके मुरडली. फ्रान्सचा चालक रोमां ग्रोजां हाही विरोधकांत होता. २०२० साली बहारीनच्या शर्यतीत त्याचीच गाडी कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. त्या कमानीने डोके वाचवले, आणि आगीतून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. कमान नसती तर आपण वाचलो नसतो, हे त्याने स्वतःच नंतर कबूल केले.

तेव्हा जीव वाचवणारे नियम बाजूला ठेवू. त्यांचा हिशेब रंगतीच्या तराजूत करायचाच नाही. पण दुसऱ्याही जातीचे नियम आहेत: मुद्दाम रंगत आणण्यासाठी केलेले. तक्रारीचे खरे मूळ तिथे आहे.

आजच्या गाडीला विमानासारखे पंख असतात. मात्र ते उलटे. विमानाचा पंख वर उचलतो, हा गाडीला जमिनीवर दाबून धरतो. त्यामुळे वळणावर गाडी घसरत नाही. पण धुळीच्या वाटेवर पुढच्या बैलगाडीची धूळ मागच्याने खावी, तशी पुढच्या मोटारीने घुसळलेली हवा मागच्या मोटारीला खावी लागते. तिची पकड सुटते आणि पुढे जाणे अवघड होते. यावर तोड म्हणून २०११ साली एक युक्ती आली. मागचा चालक पुढच्याच्या एका सेकंदाच्या आत आला, तर ठरलेल्या सरळ पट्ट्यावर त्याने पंखातली एक फट उघडायची. वाऱ्याचा अडथळा कमी व्हायचा आणि गाडी पुढे सुटायची. ओलांडण्याची संख्या वाढली, पण जुने प्रेक्षक म्हणू लागले, की पुढच्याला हात बांधून उभे केले तर त्यात कसली कुस्ती?

कधी असे नियम अंगाशीही आले. २००५ साली शर्यतभर एकच टायरसंच वापरण्याची सक्ती होती. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे एका कंपनीचे टायर वळणावर टिकेनात. तोडगा निघाला नाही, आणि प्रत्यक्षात सहाच गाड्या धावल्या. प्रेक्षकांनी संताप व्यक्त केला. त्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला, आणि फॉर्म्युला वनमध्ये भारतीय चालकाला प्रथमच गुण मिळाले. आनंदाची गोष्ट, पण कोणत्या दिवशी मिळावी! २०१४ साली शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण ठेवले. ते इतके नापसंत झाले, की एका वर्षातच गुंडाळावे लागले.

आता मुख्य प्रश्न. रंगत जाते केव्हा? इतिहास सांगतो, एकच संघ सर्वांना फार मागे टाकतो तेव्हा. १९८८ साली मॅकलारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. २०१४ साली नवी इंजिने आली. मर्सिडीजने त्यांचे मर्म आधी ओळखले आणि ओळीने आठ वर्षे संघांचे अजिंक्यपद आपल्याकडे ठेवले. २०२२ साली गाडीच्या घडणीचे नियम बदलले आणि २०२३ साली रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती मारल्या. नवा नियम म्हणजे नवी प्रश्नपत्रिका. वर्गातला एखादा हुशार मुलगा ती आधी सोडवतो, बाकीचे मागे राहतात.

पण तीच प्रश्नपत्रिका चार-पाच वर्षे राहिली, तर बाकीचेही ती सोडवू लागतात. मर्सिडीजच्या त्या आठ वर्षांच्या शेवटी, २०२१ साली, हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन अखेरच्या शर्यतीला उतरले तेव्हा दोघांचे गुण अगदी सारखे होते. २०२४ साली सात निरनिराळ्या चालकांनी शर्यती जिंकल्या, आणि २०२५ चे अजिंक्यपद अखेरच्या शर्यतीत लँडो नॉरिसला मिळाले, तेही केवळ दोन गुणांनी. इतक्यात २०२६ साठी इंजिन आणि पंख दोन्ही पुन्हा नव्याने ठरवले गेले.

याला उलट दाखलाही आहे, तो लपवू नये. २००९ साली नियम बदलले आणि आदल्या वर्षी तळाजवळ असलेला संघ ‘ब्रॉन’ या नव्या नावाने थेट अजिंक्य ठरला. म्हणजे बदल कधी साचलेले पाणी हलवतोही.

तर मग निकाल काय द्यायचा? नियमांमुळे शर्यत बेचव झाली, असे सरसकट म्हणणे इतिहासाला धरून नाही. जीव वाचवणारा नियम हवाच; त्याने कोणाची मजा कमी झाली, तर होऊ द्यावी. पण चुरस ओढूनताणून आणणारा नियम बेताने करावा, आणि केल्यावर त्याला मुरायला वेळ द्यावा. पेरलेले उगवले का, म्हणून रोज माती उकरून पाहणाऱ्याच्या हाती पीक लागत नाही.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी शाळेच्या मैदानावर हे अवश्य ताडून पाहावे. नवा नियम करताना मुलांना त्याचे कारण सांगावे: हा कोणाला दुखापत होऊ नये म्हणून, की डाव रंगावा म्हणून? कारण पटले, तर मुले नियम पाळतात आणि खेळही रंगतो.