काजळी आणि हशा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु कायद्याने माणूस मुक्त झाला म्हणजे इतरांनी घेतलेल्या त्याच्या सोंगातूनही तो मुक्त होतो असे नाही. अमेरिकेतील त्या कृष्णवर्णीय लोकांच्या विनोदाचे पुढे रंगभूमीवर, आणि विशेषतः दूरचित्रवाणीवर, काय झाले हा आजचा विषय आहे. विषय हसण्याचा खरा. पण त्यात हसू येण्यासारखे जितके आहे तितकेच अंतर्मुख करणारेही आहे.

मूळ शोधायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जावे लागते. टॉमस राईस नावाचा एक गोरा नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून ‘जिम क्रो’ नावाच्या काळ्या माणसाचे सोंग आणू लागला. वेडेवाकडे नाचावे, मोडकेतोडके बोलावे, आणि गोऱ्या प्रेक्षकांनी पोट धरून हसावे असा तो प्रकार. तो इतका रुजला की पुढे काळ्यांना वेगळे बसवणाऱ्या कायद्यांनाही लोक ‘जिम क्रो’ कायदे म्हणू लागले. विदूषकाचे नाव कायद्याला चिकटल्याचे असे उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही.

याहून विलक्षण गोष्ट बर्ट विल्यम्सची. हा स्वतः कृष्णवर्णीय, आणि मोठा गुणी नट. १९१० साली न्यूयॉर्कच्या ‘झीगफेल्ड फॉलीज’ या नामांकित खेळात त्याला प्रवेश मिळाला, पण रंगमंचावर तो उभा राहिला तो तीच काजळी फासून! प्रेक्षकांना माणूस नको होता, ओळखीचे सोंग हवे होते.

रेडिओ आला तेव्हा काजळीची गरज उरली नाही. आवाज पुरेसा होता. १९२८ पासून ‘एमॉस अँड अँडी’ या मालिकेत दोन गोरे नट काळ्यांचे आवाज काढून देशाला हसवीत होते. १९५१ साली ती दूरचित्रवाणीवर आली तेव्हा मात्र खरे कृष्णवर्णीय नट घेण्यात आले. नट कसलेले होते, यात शंका नाही. पण त्यांच्या तोंडची वाक्ये बव्हंशी गोऱ्या लेखकांची होती. ‘नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संस्थेने कडाडून विरोध केला. १९५३ मध्ये वाहिनीने मालिका थांबवली. जुने भाग मात्र १९६६ पर्यंत फिरतच राहिले. हे जुन्या भागांचे प्रकरण ध्यानात ठेवावे; पुढे ते पुन्हा येणार आहे.

१९७० साली फ्लिप विल्सन याला स्वतःच्या नावाचा कार्यक्रम मिळाला. स्त्रीवेष घेऊन तो जेराल्डीन नावाची एक फटकळ, कोणापुढे न झुकणारी बाई रंगवी. पहिली दोन वर्षे या कार्यक्रमाचा प्रेक्षकसंख्येत देशात दुसरा क्रमांक होता. गोऱ्या घरांच्या दिवाणखान्यांत एक काळा विनोदकार यजमान म्हणून दर आठवड्याला येऊ लागला, हे लहान यश नव्हे. मात्र दिवाणखान्यात येणाऱ्याला थोडे जपून बोलावे लागते, आणि विल्सन जपून बोलला.

रिचर्ड प्रायर जपून बोलणाऱ्यांतला नव्हता. १९७७ साली त्याने एका प्रहसनात अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष पत्रकारांपुढे उभा केला. बराक ओबामा निवडून येण्यास अजून एकतीस वर्षे अवकाश होता. वाहिनीने कात्री लावली, प्रायर भांडला, आणि कार्यक्रम चार भागांत आटोपला. चारच भाग! पण त्यानंतरच्या साऱ्या विनोदकारांनी धडा घेतला तो याच चार भागांपासून.

तो धडा कीनन आयव्हरी वेयन्सने पुरता गिरवला. १९९० साली फॉक्स वाहिनीवर त्याचे ‘इन लिव्हिंग कलर’ सुरू झाले. लेखणी त्याच्या हाती, भावंडे त्याच्या संगतीला, आणि जिम कॅरीसारखा गोरा नट मंडळीत जवळजवळ एकटा. म्हणजे नेहमीचा हिशेब उलटा. डेमन वेयन्सचा ‘होमी’ हा विदूषक तर करमणूक करण्याचेच नाकारी आणि ऐकले नाही तर मोजा भरून डोक्यात हाणी. विदूषकाने हसवण्यास नकार द्यावा, यातच शतकाचा इतिहास आला! जानेवारी १९९२ मध्ये फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या मध्यंतरात या मंडळींनी आपला खेळ थेट प्रक्षेपित केला, तेव्हा वीस कोटी नव्हे, पण दोन कोटींहून अधिक प्रेक्षक सामना सोडून तिकडे वळले. धास्तावलेल्या संयोजकांनी पुढल्या वर्षी मध्यंतरासाठी मायकेल जॅक्सनला पाचारण केले. तरीही वेयन्स स्वतःच्याच कार्यक्रमातून बाहेर पडला. भांडण कशावरून? कात्रीवरून, आणि जुने भाग पुन्हा दाखवण्यावरून.

आता डेव्ह शॅपेल. २००३ साली त्याच्या कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात एक आंधळा माणूस येतो. तो गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा कडवा प्रचारक असतो आणि आपण स्वतः काळे आहोत हे त्याला माहीतच नसते. वर्णद्वेषाचा फोलपणा इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवला असेल. पुढे सुमारे पाच कोटी डॉलर्सचा करार झाला. तिसऱ्या मालिकेच्या चित्रीकरणात त्याने स्वतः काजळी फासून जुने सोंग घेतले, अर्थात त्याची टर उडवण्यासाठी. तेव्हा तिथला एक गोरा माणूस असा काही हसला की शॅपेल चपापला. तो हशा कसला, थट्टा कळल्याचा की राईसच्या प्रेक्षकांचा? २००५ साली तो सारे टाकून दक्षिण आफ्रिकेत निघून गेला.

पुष्कळांनी त्याला वेड्यात काढले. माझ्या मते तो त्या वेळी पुरता शुद्धीवर होता. लेखणी आपली असली तरी ऐकणाऱ्याचा कान आपला नसतो, हे त्याला भर कामात कळले. कंपनीने अर्धवट भाग २००६ मध्ये दाखवून टाकले. २०२० साली त्याचा जुना कार्यक्रम पैसे न देता पुन्हा विकला जाऊ लागला, तेव्हा त्याने प्रेक्षकांनाच तो पाहू नका अशी विनंती केली. पुढल्या वर्षी त्याचे हक्कही परत मिळाले आणि पैसेही.

त्याच्यामागून आलेल्या की आणि पील यांनी ओबामांचा राग त्यांच्या वतीने बोलून दाखवणारा ‘ल्यूथर’ निर्माण केला. २०१५ साली पत्रकारांच्या मेजवानीत खुद्द ओबामा त्या ल्यूथरला शेजारी घेऊन उभे राहिले. स्त्रियांची पाळी सर्वांत उशिरा आली. २०१९ साली रॉबिन थीड हिने ‘अ ब्लॅक लेडी स्केच शो’ सुरू केला. त्यात लिहिणाऱ्या, दिग्दर्शन करणाऱ्या आणि सोंगे घेणाऱ्या साऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियाच होत्या; चार मालिकांनंतर २०२३ मध्ये तो थांबला.