दर्याकाठची चढाओढ

मासे धरणे हा पोटाचा धंदा आहे. पण तो खेळही आहे, असे म्हटले तर आपल्यासारख्या शहरवासी श्रोत्यांना ते थोडे चमत्कारिक वाटेल. पाटीवर मांडलेला बांगडा आपल्या परिचयाचा असतो. तो पाण्याबाहेर येईपर्यंत किती माणसांत किती चढाओढ लागली होती, याची मात्र आपल्याला दाद नसते. अलीकडे कोकणात आणि गोव्यात गळाने मासे धरण्याच्या स्पर्धा भरू लागल्या आहेत. तेथे प्रवेशपत्रिका असते, वजनकाटा असतो, बक्षिसे असतात. ते पाहून पुष्कळांची अशी समजूत होते की, दर्याकाठी स्पर्धा आली ती आताच आणि परदेशातूनच आली. ही समजूत निम्मी खरी आहे. चषक परदेशातून आला. चढाओढ मात्र येथलीच आणि फार जुनी आहे. या चढाओढीचा आणि तिला बांधून ठेवणाऱ्या नियमांचा इतिहास आज आम्हांला सांगावयाचा आहे.

प्रथम त्या परदेशी चषकाकडे पाहू. कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. त्यात वेजपोर्ट हे फ्रेंच भाषिक अकेडियन लोकांचे लहानसे कोळीगाव. आपल्याकडे ज्याला कुपा म्हणतात त्याच जातकुळीचा, पण कित्येक पटींनी मोठा असा ट्यूना मासा या गावाजवळच्या खळाळत्या पाण्यात उन्हाळ्यात येत असे. १९३५ साली मायकेल लर्नर या हौशी अमेरिकन शिकाऱ्याने गावातल्या लोकांच्या मदतीने हा मासा केवळ काठी आणि दोरी यांच्या बळावर धरून दाखविला. दोनच वर्षांनी, १९३७ साली, तेथे देशोदेशींच्या संघांचे सामने सुरू झाले. वाटाडे गावचे, नावा गावच्या, पाहुणचार गावचा. आदल्या दिवसापर्यंत ज्याला कोणी ओळखत नव्हते अशा खेड्याचे नाव वर्तमानपत्रांतून झळकू लागले.

या खेळाचे नियम मोठे कडक. पुढे १९३९ साली लर्नर यांच्याच पुढाकाराने जी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिने ते नियम सर्वांसाठी बांधून दिले. माशाशी झुंज एकट्याने द्यावयाची. दुसऱ्या कोणी काठीला किंवा दोरीला हात लावला तर ती शिकार बाद! म्हणजे मनुष्य आणि मासा यांच्यात काही एक न्याय राखण्याचा हा प्रयत्न होता.

मग झाले काय? १९७६ नंतर हे सामने बंद पडले. चषक होता, नियम होते, गाव होते. पण मासाच येईनासा झाला. त्याला एकच एक कारण होते असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु त्याच काळात, विशेषतः १९६० नंतर, अटलांटिक महासागरात यांत्रिक गलबते प्रचंड वेढा घालणाऱ्या जाळ्यांनी कोवळा ट्यूना उपसून काढीत होती, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. रिंगणाच्या आत एकेका माशासाठी न्यायनिवाडा चालला होता आणि रिंगणाबाहेर कसलाच नियम नव्हता. ही गोष्ट मनात ठेवून आपण आता आपल्या किनाऱ्याकडे वळू.

आपल्या कोळीवाड्यांत आणि बंदरांत चढाओढीचा मुख्य दिवस नारळी पौर्णिमेचा. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या या सुमारास पुन्हा पाण्यात उतरतात. मालवणला शिवाजी महाराजांच्या सिंधुदुर्गातून मानाचा नारळ वाजतगाजत निघतो. महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचे काम सुरू केले आणि ही प्रथा त्यांच्याच काळापासूनची, अशी तेथील परंपरा सांगते. हा नारळ सागराला अर्पण झाला की मग इतरांचे नारळ, आणि मग सुरू होते नारळ लढविण्याची मौज. एकाने नारळ घट्ट धरावयाचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटावयाचा. ज्याचा फुटेल तो हरला आणि नारळालाही मुकला! ठिकठिकाणी होड्यांच्या शर्यतीही लागतात. हे सारे खेळ झाले. पण ज्या दिवशी चढाओढीला तोंड फुटते, त्याच दिवशी आधी सर्वांनी मिळून दर्याला नमस्कार करावयाचा आणि मानाचा नारळ पडल्याखेरीज आपला पुढे काढावयाचा नाही, हा संकेत विसरण्याजोगा नाही. स्पर्धेआधी क्रम ठरलेला आहे.

हाच क्रम प्रत्यक्ष धंद्यात कसा उतरला होता, ते रापणीत पाहावे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात ज्याने बालपण काढले आहे त्याला रापण समजावून सांगावी लागत नाही. इतरांसाठी दोन शब्द सांगतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबच लांब जाळे. त्याचा एक दोर काठावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात शिरते, जाळे सोडीत सोडीत अर्धवर्तुळ घालते आणि दुसरा दोर घेऊन काही अंतरावर परत काठाला लागते. मग दोन रांगांनी माणसे ओढू लागतात. चाळीस-पन्नास हात लागले तरी काम तास न् तास चालते. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात आणि शेवटी जाळ्याच्या पोटात चांदीसारखी मासळी उसळू लागते. पावसाळ्यानंतर किनाऱ्याजवळचे पाणी सूक्ष्म जीवांनी समृद्ध होते आणि त्या अन्नाच्या ओढीने बांगडा, तारली यांचे थवे काठाजवळ येतात. पाण्याचा पालटलेला रंग आणि पक्ष्यांच्या घिरट्या पाहून जाणता माणूस थवा ओळखतो.

एकाच किनाऱ्यावर दोन-तीन रापणी असल्या म्हणजे चढाओढ ही आलीच. थवा एक आणि जाळी तीन! अशा वेळी गावाने उपाय काढला तो पाळीचा. आज याची पाळी, उद्या त्याची. ज्याची पाळी असेल त्याचे जाळे आवरेपर्यंत दुसऱ्याने आपले पसरावयाचे नाही. उत्तरेकडे डोलीने बोंबील धरणाऱ्या कोळ्यांत हीच गोष्ट वेगळ्या रूपाने दिसते. समुद्राच्या तळात खुंट मारून डोल लावण्याची जी जागा, तिला कव म्हणतात. कोणाची कव कोणती हे ठरलेले, आणि तंटा निघाला तर कोळ्यांची जमात बसून निवाडा करी. ज्या पाण्यावर कुंपण घालता येत नाही, त्या पाण्यावर या निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या लोकांनी केवळ शब्दाने सीमा आखल्या होत्या.

पाळीच्या जोडीला वाटा. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, तांडेलाचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. आयत्या वेळी येऊन दोराला हात लावणाराही रिकाम्या हाताने परतत नसे. म्हातारा, पोर, घरचा कर्ता गेलेली बाई, यांच्याही घरी त्या दिवशी चूल पेटे. आम्ही या व्यवस्थेचे उगाच सोवळे चित्र रंगवू इच्छीत नाही. जाळ्याचा मालक आणि नुसता ओढणारा यांचे वाटे सारखे नव्हते. पाळीवरून डोकी फुटल्याच्या कथा प्रत्येक गावात आहेत. रापणीच्या जाळ्यातही लहान मासळी सापडतेच. तथापि तंटा झाला तरी तो नियमाबद्दल होई. नियमच नको असे कोणी म्हणत नसे.

तसे म्हणणारी वेळ स्वातंत्र्यानंतर आली. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या सुधारणेचा प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता. देशाला अन्न हवे होते, कोळ्यांना बरे दिवस हवे होते. पण लवकरच गोठविलेल्या कोळंबीला परदेशात मोठी किंमत येऊ लागली आणि ज्याच्या हाती भांडवल, तो यंत्राची नाव घेऊन पाण्यात उतरला. ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. कोळंबी काठाजवळच्या उथळ पाण्यात, म्हणून ट्रॉलरही तेथेच. त्यात रापणीची जाळी तुटू लागली आणि माशांची पिल्ले वाढण्यापूर्वीच वर येऊ लागली. चाळीस माणसांनी अर्धा दिवस ओढावे आणि हाती चिखल यावा, अशी स्थिती झाली.

गोव्यात या दुःखाला वाचा फुटली. १९७० नंतरच्या दशकात तेथील रापणकार संघटित झाले. त्यांचे पुढारी मातान्ही साल्ढाणा हे पेशाने शिक्षक. पुढे ते गोव्याचे मंत्रीही झाले आणि २०१२ साली मंत्रिपदावर असतानाच वारले. हिंदू आणि ख्रिस्ती रापणकार एका संघटनेखाली आले, मोर्चे निघाले, उपोषणे झाली. मागणी अगदी साधी होती: किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचे पाणी लहान मच्छीमाराला राखून ठेवा. यंत्र बंद करा असे ते म्हणत नव्हते. यंत्राने आपल्या बळाला शोभेल अशा खोल पाण्यात जावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९७८ साली देशातील इतर किनाऱ्यांवरच्या मच्छीमारांशी हात मिळवून त्यांनी राष्ट्रीय मंचही उभा केला.

केंद्र सरकारने १९७६ साली नेमलेल्या मजुमदार समितीने पाण्याची अशी विभागणी करावी, असाच सल्ला दिला. त्यानंतर केरळ आणि गोवा यांनी १९८० साली आणि महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारीच्या नियमनाचे कायदे केले. या कायद्यांत नवे ते काय होते? आमच्या मते फार थोडे. काठाजवळचे पाणी कोणाचे, खोल पाणी कोणाचे, जाळे केव्हा टाकावयाचे आणि केव्हा नाही, हे सारे पाळीचेच प्रश्न होते. महाराष्ट्रातील पावसाळी बंदीची मुदतही एके काळी १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जो दिवस आधी येईल तोपर्यंत, अशी ठरविलेली होती. कोळ्यांचा सण सरकारी हुकमात जाऊन बसला! पुढे सबंध पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आली.

कायदा झाला म्हणून तंटा मिटला नाही. गावाचा नियम पाळवून घ्यावयास साऱ्या गावाचे डोळे होते. सरकारच्या नियमाला गस्तीची नाव लागते, आणि किनारा लांब, नावा थोड्या. ट्रॉलरच्या मागून पर्ससीन म्हणजे अख्ख्या थव्याला वेढा घालून तळाशी आवळावयाचे जाळे आले. त्यामागून रात्री प्रखर विजेचे दिवे पाण्यावर टाकून मासळी गोळा करण्याची युक्ती आली. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली, २०२१ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. तरीही मालवणपासून रत्नागिरीपर्यंत पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमारांचे संघर्ष पेटत राहिले. त्यात अधिक दुःखाची गोष्ट ही की, दोन्ही बाजूंना पुष्कळदा एकाच समाजाची, क्वचित एकाच घरचीही माणसे असतात. पर्ससीनवाल्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्यालाही हप्ता भरावयाचा आहे. तो राक्षस नव्हे. ज्या शर्यतीत थांबेल तो बुडेल, अशा शर्यतीत तो सापडला आहे.

येथे वेजपोर्टची आठवण पुन्हा येते. त्या गावाने २००४ साली आपली जुनी स्पर्धा लहान प्रमाणावर पुन्हा सुरू केली. आपल्याकडे काही ठिकाणी पर्यटक हौसेने रापणीचा दोर ओढतात आणि छायाचित्रे काढून घेतात. यात वाईट काही नाही. परंतु जो खेळ आज पाहुण्यांसाठी मांडला जातो, तो काल एका गावाचे जेवण होता. आणि दर्यात थवा नसेल तर उद्या तो खेळ म्हणूनही उरणार नाही.

आपण शहरातली माणसे या तंट्यात बघे आहोत, असे कोणी समजू नये. जाळ्याच्या दोराचे एक टोक बाजारात आहे आणि ते आपल्या हातात आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. तिच्याहून लहान मासा धरणे हा गुन्हा ठरला. हा नियम समुद्रावर किती पाळला जातो हे आपल्याला दिसत नाही, पण पाटीवर किती पाळला जातो हे रोज दिसते. तळहाताएवढे नसलेले पापलेट स्वस्त मिळाले म्हणून आपण आनंदाने पिशवीत टाकतो, तेव्हा पुढच्या वर्षाचा वाटा आजच उचलतो. कोळणीपुढे उभे राहून ‘एवढी लहान का आणलीत, मावशी?’ असे विचारणारी चार घरे जरी प्रत्येक पेठेत निघाली, तरी तो प्रश्न पाटीवरून होडीपर्यंत जाईल. किनाऱ्यावरच्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या पाळी सांभाळली. आता ती सांभाळण्याची पाळी आपलीही आहे.